डेन्मार्कचे १८६४ : टेकडीवर हरलेले युद्ध की टेबलावर नाकारलेला तह?

पडका_बुरूज

१८६४ सालच्या जानेवारीत डेन्मार्कचा राजा ख्रिस्तियान नववा गादीवर येऊन जेमतेम दीड महिना झाला होता आणि त्याच्या सत्तेखालचा मुलूख कागदोपत्री थेट एल्ब नदीपर्यंत पसरलेला होता. हॅम्बुर्गला खेटून असलेले आल्टोना हे त्याच्या राज्यातले कोपनहेगनखालोखालचे मोठे शहर होते. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला व्हिएन्नाच्या तहावर सह्या झाल्या, तेव्हा श्लेस्विग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग या तिन्ही डची (ड्यूकच्या सत्तेखालचे प्रांत) त्याच्या हातून गेल्या होत्या. सुमारे सव्वीस लाख प्रजेपैकी दहा लाख लोक आणि आइसलँडसारखी दूरची बेटे वगळता दोन पंचमांश भूमी एका वर्षात गेली. या वर्षाबद्दल बोलताना बहुतेक लोक ड्युब्बोलच्या लढाईपाशी थांबतात. माझे मत असे आहे की डेन्मार्कने एप्रिलमध्ये ड्युब्बोलच्या टेकडीवर जे गमावले ते भरून काढता येण्याजोगे होते. खरे नुकसान जून महिन्यात लंडनमध्ये, वाटाघाटींच्या टेबलावर झाले. ते का, हे मांडण्यासाठी हा धागा.

प्रथम गुंता समजून घेऊ. डेन्मार्कचा राजा हा या तीन डचींचा ड्यूकही असे. होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग जर्मन भाषक होते आणि जर्मन राज्यसंघाचे, म्हणजे ऑस्ट्रिया-प्रशियासह जर्मन राज्यांच्या सैल संघाचे, सदस्य होते. श्लेस्विग मात्र राज्यसंघाबाहेर होते. त्याच्या उत्तरेत डॅनिश बोलली जाई, दक्षिणेत जर्मन, पश्चिम किनाऱ्यावर फ्रिसियन, आणि मधल्या पट्ट्यात एकाच गावात, कधी एकाच घरात, दोन भाषा नांदत. श्लेस्विग व होल्स्टाइन कायम अविभक्त राहतील असे वचन १४६० साली रिबे येथे राजाने तेथील सरदारांना दिले होते, आणि चार शतकांनंतर जर्मन राष्ट्रवादी त्याच वचनावर बोट ठेवत होते. कोपनहेगनमधील नॅशनल लिबरल पक्षाचे म्हणणे याच्या नेमके उलट होते : डेन्मार्कची सीमा आयडर नदीपर्यंत, म्हणजे होल्स्टाइन सोडू पण श्लेस्विग पूर्णपणे राज्यात सामील करून घेऊ. या वादावर १८४८ ते १८५१ या काळात एक युद्ध होऊन गेले होते. त्यानंतर १८५२ च्या लंडन करारात महासत्तांनी डॅनिश राज्याची अखंडता आणि ख्रिस्तियानचा वारसाहक्क मान्य केला. त्याच्या अलीकडे-पलीकडे डेन्मार्कने ऑस्ट्रिया व प्रशिया यांना शब्द दिला की श्लेस्विगला होल्स्टाइनपेक्षा अधिक जवळ ओढले जाणार नाही.

हा शब्द नोव्हेंबर १८६३ मध्ये मोडला गेला. डेन्मार्क आणि श्लेस्विग यांच्यासाठी सामाईक राज्यघटना १३ नोव्हेंबरला संमत झाली, पण तिच्यावर सही करण्यापूर्वीच फ्रेडरिक सातवा १५ तारखेला निपुत्रिक मरण पावला. नव्या राजाला सही करण्यातला धोका दिसत होता. परंतु सही नाकारली असती तर राजधानीच उठली असती, आणि हा राजा स्वतः जर्मन वळणाचा म्हणून लोकांना आधीच संशयास्पद वाटत होता. त्याने १८ नोव्हेंबरला सही केली. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याला याहून अधिक काही नको होते. त्याने जर्मन राष्ट्रवाद्यांची घोषणा उचलली नाही. १८५२ चा करार डेन्मार्कने मोडला आहे आणि आम्ही तो पाळायला लावत आहोत, अशी भूमिका त्याने घेतली. त्यामुळे ऑस्ट्रिया त्याच्यासोबत आला आणि इंग्लंड-रशियाला विरोध करायला सोयीचे कारणच उरले नाही.

डिसेंबरअखेर राज्यसंघाच्या वतीने सॅक्सनी आणि हानोफर यांचे सैन्य होल्स्टाइनमध्ये शिरले आणि डेन न लढता मागे हटले. ३१ डिसेंबरला पंतप्रधानपद स्वीकारणारे मोनराड हे धर्मशास्त्राचे पंडित, माजी बिशप आणि १८४९ च्या उदार राज्यघटनेचे एक प्रमुख शिल्पकार होते. १ फेब्रुवारीला प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्या फौजा आयडर ओलांडून आल्या. त्यांचा सेनापती फील्डमार्शल व्रांगेल ७९ वर्षांचा, तर डॅनिश सेनापती डी मेझा ७२ वर्षांचा होता. डी मेझाला वाऱ्याच्या झोताची धास्ती वाटे आणि त्याला संगीतरचनेचा छंद होता, हे त्याच्याविषयी आवर्जून सांगितले जाते. त्याच्या हाताखाली साधारण ३८ हजार माणसे आणि संरक्षणासाठी डॅनेव्हिर्के ही प्राचीन मातीची तटबंदी होती. आठव्या शतकापासून वाढवत आणलेल्या या तटाभोवती राष्ट्राभिमानाची इतकी वेल चढली होती की तो अजिंक्य आहे असे कोपनहेगनमधील वृत्तपत्रे सहज लिहीत. प्रत्यक्षात त्याच्या दोन्ही बाजूंचे संरक्षण पाण्यावर अवलंबून होते, पूर्वेला श्लाय खाडी आणि पश्चिमेला दलदल. आणि त्या कडक हिवाळ्यात दोन्ही गोठत चालले होते. वेढा पडण्याची वाट न पाहता डी मेझाने ५ फेब्रुवारीच्या रात्री तट रिकामा केला. बहुतेक जड तोफा तेथेच राहिल्या आणि निसरड्या रस्त्यांवरून, घसरणाऱ्या घोड्यांना सावरत, सैन्य फ्लेन्सबुर्गकडे सरकले. पाठलागावर आलेल्या ऑस्ट्रियनांशी ६ तारखेला सांकेलमार्क येथे रक्तरंजित चकमक झाली, पण सैन्य वाचले. त्या निर्णयाबद्दल कोपनहेगनने डी मेझाला पदावरून काढून टाकले. माझ्या मते वर्षभरात डॅनिश बाजूने घेतलेला तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता आणि शिक्षा नेमकी त्यालाच झाली.

पुढचा भाग सर्वपरिचित आहे. ड्युब्बोलच्या टेकडीवर दहा मोर्चे, म्हणजे तोफा ठेवलेले तटबंद बुरूज, होते. मार्चच्या मध्यापासून प्रशियाच्या आटे पाडलेल्या तोफा खाडीपलीकडच्या ब्रोआगरहून त्यांच्यावर मारा करत राहिल्या. डॅनिश तोफांचा तेथवर प्रभावी मारा पोहोचत नव्हता. लष्करी अधिकाऱ्यांना मागच्या आल्स बेटावर माघार घ्यायची होती, परंतु युद्ध मिटवण्यासाठी बोलावलेली लंडनची परिषद भरण्याच्या तोंडावर टेकडी सोडणे म्हणजे हात रिकामे करून बसणे, असे म्हणून मोनराड सरकारने ती धरून ठेवण्याचा आदेश दिला. १८ एप्रिलला सकाळी १० वाजता हल्ला झाला आणि पहिले मोर्चे काही मिनिटांत पडले. आठव्या ब्रिगेडच्या प्रतिहल्ल्यामुळे उरलेल्यांना आल्सवर जायला वेळ मिळाला. ठार, जखमी आणि कैद मिळून डेन्मार्कने साडेचार हजारांहून अधिक माणसे गमावली. प्रशियाची हानी सुमारे १,२०० होती.

तरीही २५ एप्रिलला परिषद सुरू झाली तेव्हा आल्स डेन्मार्कच्या ताब्यात होते, समुद्र डॅनिश आरमाराच्या ताब्यात होता आणि पुढे १२ मेपासून युद्धविरामही लागू झाला. परिषदेत श्लेस्विगची वाटणी हा विषय प्रथमच उघडपणे पुढे आला. इंग्लंडने श्लाय ते डॅनेव्हिर्के ही रेषा सुचवली, प्रशियाने कितीतरी उत्तरेची आबेनरा ते ट्योनर ही रेषा मांडली. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी रेषा आखण्यासाठी तटस्थ सत्तेकडे जावे, असा प्रस्ताव इंग्लंडने ठेवला. डेन्मार्कने तो नाकारला. २५ जूनला परिषद मोडली, २९ जूनच्या पहाटे प्रशियाचे सैनिक होड्यांतून आल्सवर उतरले आणि कोपनहेगनची हिंमत खचली. राजाने ८ जुलैला मोनराडला निरोप दिला. मधली रेषा मिळवण्याची संधी हातात असताना सगळेच गमावणे, याला मी तरी रणांगणावरचा पराभव म्हणणार नाही.

खलाशी

उत्तम मांडणी. आरमाराचा उल्लेख मात्र एका वाक्यात संपवलात, म्हणून थोडी भर घालतो. ९ मे १८६४ रोजी हेल्गोलांड बेटाजवळ एडुआर्ड सुएन्सन याच्या डॅनिश तुकडीची गाठ ऑस्ट्रियाच्या टेगेटहोफशी पडली. टेगेटहोफच्या ‘श्वार्त्सेनबेर्ग’ या फ्रिगेटला आग लागली आणि त्याला हेल्गोलांडभोवतीच्या पाण्यात आश्रय घ्यावा लागला. हे बेट तेव्हा इंग्रजांचे असल्याने तेथील पाणी तटस्थ होते. लाकडी युद्धनौकांच्या मोठ्या लढायांपैकी ही जवळजवळ अखेरची. तिच्यात लढलेली ‘युलंड’ ही डॅनिश फ्रिगेट आजही एबेल्टोफ्ट येथे जतन केलेली आहे. गंमत अशी की हा विजय मिळाला आणि तीनच दिवसांत युद्धविराम लागू झाला, त्यामुळे त्याचा लष्करी उपयोग शून्य झाला. राजकीय परिणाम मात्र झाला असावा आणि तो अनिष्ट होता : ड्युब्बोलनंतर नरमलेल्या कोपनहेगनला पुन्हा वाटू लागले की आपण काही अगदीच हरलेलो नाही. आपण ज्याला लंडनमधला ताठरपणा म्हणता, त्यात या विजयाचा वाटा धरायला हवा.

‘रोल्फ क्राके’ ही फिरत्या बुरुजाची चिलखती नौकाही डेन्मार्ककडे होती, ग्लासगोहून १८६३ मध्येच आणलेली. आल्सच्या पहाटे तिने होड्यांवर मारा केला, पण ती उशिरा पोहोचली आणि लवकर परतली. या एका नौकेच्या कप्तानाने काय करायला हवे होते यावर डॅनिश लोक दीर्घकाळ वाद घालत आले आहेत, त्यामुळे मी त्यात पडत नाही.

वाचनमात्र

एक शंका. ख्रिस्तियान नवव्याची मुलगी अलेक्झांड्रा ही इंग्लंडच्या युवराजाची पत्नी होती ना? एक मुलगा तर ग्रीसचा राजा होता. इतके नातेसंबंध असताना कोणीच मदतीला कसे आले नाही?

टिपणवही

नाती होती, पण ती फारच ताजी होती. अलेक्झांड्राचे लग्न मार्च १८६३ मधले. धाकटा भाऊ विल्हेल्म त्याच वर्षी ‘जॉर्ज पहिला’ या नावाने अथेन्सला गेला. दुसरी बहीण डाग्मार हिची रशियाच्या युवराजाशी सोयरीक सप्टेंबर १८६४ मध्ये, म्हणजे सारे संपल्यावर, जुळली. पुढे हा राजा युरोपचा सासरा म्हणून ओळखला गेला, पण त्या वर्षी त्याचा काही उपयोग नव्हता.

इंग्लंडची गोष्ट अधिक खेदाची आहे. पंतप्रधान पामर्स्टनने जुलै १८६३ मध्ये पार्लमेंटमध्ये असे सूचित केले होते की डेन्मार्कच्या हक्कांवर हात टाकणाऱ्यांना केवळ डेन्मार्कशीच सामना करावा लागणार नाही. कोपनहेगनने ते वाक्य वचन म्हणून धरले. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा राणी व्हिक्टोरियाची सहानुभूती जर्मन बाजूला होती, मंत्रिमंडळ दुभंगलेले होते, आणि फ्रान्सच्या सैन्याशिवाय केवळ आरमाराच्या जोरावर प्रशियाला रोखणे शक्य नव्हते. नेपोलियन तिसऱ्याला इंग्लंडसाठी पुढे होण्याची इच्छा नव्हती. रशिया १८६३ च्या पोलिश उठावात बिस्मार्कने दिलेल्या सहकार्यामुळे त्याचा मिंधा होता. स्वीडन-नॉर्वेचा राजा कार्ल पंधरावा याने तर २२ हजार सैनिक देण्याचे तोंडी कबूल केले होते, पण त्याच्या मंत्र्यांनी नकार दिला. जुलै १८६४ मध्ये कॉमन्स सभेत या धोरणावर निंदाव्यंजक ठराव आला, तो पामर्स्टन सरकारने ३१३ विरुद्ध २९५ अशा अवघ्या १८ मतांनी परतवला. डेन्मार्कला मदत करण्याची भाषा त्या वादात विरोधकांनीही फारशी केली नाही.

साक्षेपी

मूळ लेखातील माहितीबद्दल आभार, पण निष्कर्ष मला मान्य नाही. मोनराडवर सारे खापर फोडणे सोपे आहे, कारण पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. जून १८६४ मध्ये बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहा. श्लेस्विग शतकानुशतके डॅनिश राजमुकुटाखाली होते. ते तोडून देण्याचा अधिकार कोणत्याही मंत्रिमंडळाला आहे असे तेव्हा कोणी मानत नव्हते. भाषांचा पट्टा मिश्र असल्याने कोणतीही रेषा आखली तरी हजारो डेन पलीकडे आणि हजारो जर्मन अलीकडे राहणार होते. शिवाय बिस्मार्क मधल्या रेषेवर समाधान मानून परत गेला असता, याची हमी कोण देणार? ज्याने १८६६ मध्ये हानोफरचे अख्खे राज्य गिळले, त्याने उत्तर श्लेस्विग केवळ कागदाचा मान म्हणून सोडले असते काय? तटस्थ निवाड्याविषयीही सांगायला हवे की प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो बंधनकारक मानण्यास नकारच दिला होता. म्हणजे डेन्मार्कने मान्यता दिली असती तर ते एकटेच बांधले गेले असते.

चूक शोधायचीच असेल तर ती नोव्हेंबर १८६३ मध्ये शोधावी. सही झाल्यानंतर पुढचे सर्व ओघाने आले.

पडका_बुरूज

साक्षेपी, निवाडा बंधनकारक मानायला जर्मन बाजू तयार नव्हती, हा आपला मुद्दा रास्त आहे आणि मी तो मूळ लेखात द्यायला हवा होता. तरीही परिषद लांबवण्यात डेन्मार्कचा फायदा होता. नौदलाची नाकेबंदी जर्मन बंदरांना जाचत होती, ऑस्ट्रियाला हे युद्ध लवकर संपवायचे होते, आणि प्रस्ताव स्वीकारला असता तर मोडतोडीचा दोष बर्लिनच्या माथी गेला असता. बिस्मार्कला तेच टाळायचे होते.

मोनराडच्या मागे आणखी एक ओझे होते आणि ते आपण दोघांनीही सांगितलेले नाही. पहिल्या युद्धातील फ्रेडेरिसिया आणि इस्टेड येथील विजयांचा अभिमान १८६४ च्या पिढीच्या अंगात मुरला होता. ते युद्ध डेन्मार्कने जिंकले ते मुख्यतः रशिया व इतर सत्तांनी प्रशियावर दडपण आणल्यामुळे, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली. शूर शिपाई आणि संगीन यांवरचा विश्वास मात्र टिकला. त्याचा शेवट ३ जुलैला लुंडबी येथे दिसला : डॅनिश कंपनीने संगिनी रोखून उघड्या उतारावरून धाव घेतली आणि मागून भरायच्या ड्रायझे बंदुका घेतलेल्या सव्वाशेच्या आसपास प्रशियन शिपायांनी त्यांना वाटेतच आडवे केले. सुमारे वीस मिनिटांत तीसहून अधिक डेन ठार झाले. प्रशियाचे तिघे जखमी झाले. त्या वेळी आल्स पडून चार दिवस झाले होते, त्यामुळे या चढाईतून काय साधायचे होते हे मला आजवर कळलेले नाही.

मोडीवाचक

धाग्याचा विषय डेन्मार्क आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. या राज्याचा आणि मराठ्यांचा संबंध तंजावरमधून येतो. तरंगमबाडीची डॅनिश वखार १६२० च्या करारानुसार रघुनाथ नायकाच्या परवानगीने सुरू झाली, आणि पुढे तंजावर भोसल्यांकडे आल्यावर डेन लोक त्यांना वार्षिक नजराणा देत. सरफोजीराजे दुसरे यांचे गुरू श्वार्त्स हे १७५० मध्ये याच तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमध्ये आले होते. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगमबाडी आणि बंगालमधील श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकली. म्हणजे १८६४ च्या आधी वीस वर्षांपासूनच हे राज्य आवरते घेऊ लागले होते. निकोबारवरचा हक्कही त्यांनी १८६८ मध्ये सोडला.

टिपणवही

या पराभवातून डेन्मार्क अधिक सशक्त झाले, असे पुष्कळदा लिहिले जाते. त्यावर जाणकारांनी मत द्यावे. एन्रिको डाल्गास याने १८६६ मध्ये हीथ सोसायटी स्थापून युलंड द्वीपकल्पाची ओसाड माळराने लागवडीखाली आणली, आणि ‘बाहेर जे गमावले ते आत कमवू’ हे वाक्य त्याच्या नावावर सांगितले जाते.

पडका_बुरूज

ते वाक्य डाल्गासचे नाही, कवी एच. पी. होल्स्ट याने ते १८७२ च्या कोपनहेगन प्रदर्शनाच्या पदकासाठी रचले. मला त्या समजुतीतच थोडी लबाडी दिसते. सहकारी दुग्धशाळांची चळवळ १८८२ मध्ये येडिंग येथे सुरू झाली, ती धान्याचे भाव कोसळल्यामुळे. तिचा ड्युब्बोलशी संबंध जोडणे म्हणजे शेतकऱ्यांचे श्रेय सेनापतींच्या चुकांना देणे होय. राजकारणात तर चक्र उलटेच फिरले. १८६६ च्या सुधारित घटनेने वरिष्ठ सभागृह जमीनदारांच्या हाती दिले आणि १८४९ मध्ये मिळालेली लोकशाही पुढे कित्येक वर्षे आखडली गेली. थेट परिणाम म्हणता येईल असे एक उदाहरण मात्र आहे : र्योडिंगचे लोकविद्यालय प्रशियात गेल्यामुळे तेथील शिक्षकांनी १८६५ मध्ये सीमेच्या उत्तरेला आस्कोव येथे नवे विद्यालय काढले.

आणि मोनराडचे पुढे काय झाले, हे कोणी विचारण्यापूर्वीच सांगतो. तो १८६५ च्या अखेरीस कुटुंबासह न्यूझीलंडला निघून गेला, कारेरे येथे जंगल तोडून शेती करू लागला आणि १८६९ मध्ये परतला. परतताना त्याने ड्यूरर आणि रेम्ब्राँट यांच्या कलाकृतींसह शेकडो मुद्राचित्रे त्या वसाहतीला भेट दिली. त्याच्या शेताशेजारी त्याच काळात जे गाव वसले, त्याचे नाव पामर्स्टन नॉर्थ.

खलाशी

राजाचा तो गुप्त प्रस्तावही नोंदवायला हवा. उन्हाळ्यात सगळे कोसळल्यावर ख्रिस्तियान नवव्याने बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्यामार्फत असे सुचवले होते की डची अलग होण्याऐवजी संपूर्ण डेन्मार्कच जर्मन राज्यसंघात यावे. बिस्मार्कने ते झिडकारले. ही हकीकत राजघराण्याच्या कागदपत्रांतून २०१० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा डेन्मार्कमध्ये चांगलीच खळबळ उडाली.

टिपणवही

याच युद्धात दोन्ही बाजूंना रेडक्रॉसचे पहिले निरीक्षक गेले होते, लुई आपिया प्रशियाकडे आणि व्हान डे वेल्डे डेन्मार्ककडे. २२ ऑगस्टला जिनिव्हा करारावर ज्या बारा राज्यांनी सह्या केल्या त्यांत डेन्मार्क आणि प्रशिया दोघेही होते. तेव्हा या दोघांमधला तह अजून व्हायचा होता.

पडका_बुरूज

साक्षेपी यांच्या मूळ आक्षेपाकडे परत येतो. ऑस्ट्रिया-प्रशिया युद्धानंतरच्या १८६६ च्या प्राग तहातील पाचव्या कलमाने उत्तर श्लेस्विगला सार्वमताचे आश्वासन दिले, ते १८७८ मध्ये रद्द झाले. मधल्या काळात डॅनिश मनाचे दीड-दोन लाख लोक जर्मन सत्तेखाली राहिले आणि पहिल्या महायुद्धात तिथल्या सुमारे ३० हजार तरुणांना कैसरच्या सैन्यात लढावे लागले. सार्वमत झाले ते १९२० मध्ये. उत्तरेच्या पट्ट्यात सुमारे ७५ टक्के मते डेन्मार्कला पडली, फ्लेन्सबुर्गसह मधल्या पट्ट्यात ८० टक्के जर्मनीला. त्यातून ठरलेली सीमा लंडनमधील दोन रेषांच्या मध्येच पडते. छप्पन्न वर्षांनी जे मिळाले त्याच्या जवळपासचे काहीतरी १८६४ च्या जूनमध्ये चर्चेला होते.

साक्षेपी

त्या मतदानाचा दाखला १८६४ साठी चालणार नाही. मधल्या छप्पन्न वर्षांत प्रशियाच्या शाळा, प्रशियाची लष्करी भरती, प्रशियाचे अधिकारी आणि असंख्य लोकांचे स्थलांतर झाले. त्या काळचे फ्लेन्सबुर्ग पाहायचे असेल तर १८६७ ची निवडणूक पाहावी. उत्तर जर्मन राइशटागसाठी (संसदेसाठी) झालेल्या त्या पहिल्याच मतदानात, प्रशियाचा अंमल असताना, फ्लेन्सबुर्ग शहराने डॅनिश बाजूला बहुमत दिले होते. मोनराडला जून १८६४ मध्ये जे शहर सोडून द्यायला सांगितले जात होते, ते हे शहर होते.